सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ: एका जर्मन टेकडीने जपलेलं तापमान

गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी सकाळी म्युनिकहून गाडी काढली तेव्हा धुकं इतकं दाट होतं की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. वाइलहाइम गेलं तरी तेच. डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान १ डिग्री. मग पायसनबेर्ग गाव मागे पडलं, चढ सुरू झाला, चार-पाच वळणं झाली असतील नसतील, तोच एकदम डोळ्यांवर ऊन आलं. वर पार्किंगला पोचलो तेव्हा डॅशबोर्डवर ९. मुलाने जॅकेट काढून माझ्या हातात दिलं. खाली बघितलं तर सगळीकडे पांढरंशुभ्र धुकं पसरलेलं, त्यात गावं, तळी, रस्ते सगळं बुडालेलं, आणि दक्षिणेला आल्प्सची अख्खी रांग इतकी स्वच्छ की त्सुगश्पिट्सं हे जर्मनीचं सगळ्यात उंच शिखरसुद्धा बोटाने दाखवता येत होतं.

मुलाने लगेच विचारलं, वर गेल्यावर थंडी वाढते ना, मग इथे गरम कसं? प्रश्न बरोबरच आहे. एरवी साधारण १०० मीटर चढलं की अर्धा-पाऊण अंश तापमान उतरतं, म्हणून तर आपण मे महिन्यात महाबळेश्वरला पळतो. पण हिवाळ्यात आभाळ निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल तर रात्रभर जमीन आपली उष्णता वर सोडत राहते, जमिनीलगतची हवा गार होते, गार हवा जड असते, मग ती पाण्यासारखी उतारावरून घरंगळत खोलगट भागात जाऊन साचते. त्यात बाष्प असेल तर धुकं धरतं. वरची हवा मात्र त्या मानाने उबदार राहते. हा उलटा प्रकार म्हणजे तापमानाचं व्युत्क्रमण, आणि आपल्याला तो अगदी ओळखीचा आहे. दर हिवाळ्यात बातमी येते ना, वेण्णा लेकला दवबिंदू गोठले, आणि त्याच रात्री महाबळेश्वर गावात पारा चार-पाच अंश वरच असतो? तेच हे. तलाव खोलगटात, गाव वर.

तर ज्या टेकडीवर आम्ही उभे होतो तिचं नाव होहर पायसनबेर्ग, उंची ९८८ मीटर, आणि तिच्या अंगाखांद्यावर पसरलेलं गाव होहनपायसनबेर्ग. म्युनिकपासून नैऋत्येला साठ-सत्तर किलोमीटर. वस्ती साधारण चार हजार. घरं बरीचशी उतारावर, आणि अगदी माथ्यावर चर्च, दफनभूमी, एक रेस्टॉरंट, प्रसारणाचा उंच टॉवर आणि जर्मन हवामान खात्याची वेधशाळा. आपण हवामान खात्याला सहज वेधशाळा म्हणतो, पण इथे हा शब्द पूर्ण अर्थाने लागू पडतो. जगातलं सगळ्यात जुनं डोंगरावरचं हवामान केंद्र हेच. इथल्या नोंदी १ जानेवारी १७८१ ला सुरू झाल्या.

१७८१ म्हणजे कधी ते जरा डोळ्यांसमोर आणा. पुण्यात सवाई माधवराव गादीवर, वय सहा-सात वर्षं, कारभार नाना फडणीस बघतायत, इंग्रजांशी पहिलं युद्ध चालूच आहे, सालबाईचा तह व्हायला अजून वर्ष आहे. त्या काळात या टेकडीवरचा एक पाद्री दिवसातून तीनदा खिडकीशी जाऊन थर्मामीटर वाचत होता आणि वहीत आकडा लिहीत होता. आणि ते काम आजही चालू आहे. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात भारी वाटतं ते हेच.

पाद्री इथे आले कुठून, तर त्याआधीची गोष्ट थोडक्यात सांगतो. १५१४ मध्ये आसपासच्या शेतकऱ्यांनी माथ्यावर एक छोटं देऊळवजा चॅपल बांधलं, त्यात शेजारच्या शोनगाऊ गावातून मेरीची मूर्ती आणून बसवली. मूर्ती पावते अशी ख्याती झाली, यात्रेकरू वाढले, चॅपल पुरेना. १६०४ मध्ये जवळच्या रोटनबूख मठाच्या ऑगस्टिनियन पंथाच्या पाद्र्यांकडे इथली व्यवस्था आली आणि त्यांनी मोठं चर्च आणि राहायची जागा बांधली. जुनं चॅपल आजही चर्चला चिकटून आहे, आतल्या छतावर अठराव्या शतकातली मात्थेउस ग्युंथरची चित्रं आहेत. मान वर करून बघत राहावं अशी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १७८० मध्ये मानहाइम शहरात कार्ल थिओडोर या राज्यकर्त्याने हवामानाचा अभ्यास करणारी एक संस्था काढली. संस्थेचा सेक्रेटरी होता योहान याकोब हेमर, आणि या माणसाचं डोकं फार व्यवस्थित चालायचं. हवामानाच्या नोंदी त्याआधीही लोक ठेवायचेच, पण प्रत्येकाचं यंत्र वेगळं, वेळ वेगळी, लिहायची पद्धत वेगळी, त्यामुळे एकाचे आकडे दुसऱ्याशी जुळवून बघायची सोयच नव्हती. हेमरने काय केलं, एकसारखी बनवलेली, एकमेकांशी ताडून बघितलेली यंत्रं ठिकठिकाणी पाठवली, सोबत सूचना आणि नोंदीचे छापील तक्ते. थर्मामीटर, हवेचा दाब मोजायचा बॅरोमीटर, आणि आर्द्रता मोजायला चक्क हंसाच्या पिसाची पोकळ दांडी! दांडीत पारा भरलेला, हवा दमट झाली की दांडी फुगून पारा खाली जायचा, कोरडी झाली की आकसून वर चढायचा. ग्रीनलँडपासून रोमपर्यंत, अमेरिकेतल्या केंब्रिजपासून रशियातल्या उरलपर्यंत मिळून ३९ ठिकाणं या जाळ्यात होती, आणि आपली ही टेकडी त्यातलीच एक. जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय हवामान जाळं म्हणायला हरकत नाही.

आणि सगळीकडे वेळ एकच ठरवली, तिथल्या तिथल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ७, दुपारी २ आणि रात्री ९. याला आजही मानहाइमच्या वेळा म्हणतात. या तीनच वेळा का, तर सकाळी सात ही बहुतेक थंड वेळ, दुपारी दोन ही उष्ण वेळ आणि रात्री नऊला तापमान साधारण दिवसाच्या सरासरीजवळ येतं. पुढे दिवसाची सरासरी काढायची पद्धत अशी रूढ झाली की तिन्ही आकड्यांची बेरीज करायची, पण रात्री नऊचा आकडा दोनदा धरायचा, आणि चाराने भागायचं. समजा सकाळी ४, दुपारी १२, रात्री ६ असेल, तर ४ अधिक १२ अधिक ६ अधिक ६ म्हणजे २८, भागिले ४, उत्तर ७. नऊचा आकडा दोनदा का? कारण रात्रीच्या लांबलचक तासांत कोणी नोंद घेत नाही, त्या तासांचा भार कुणीतरी उचलायला हवा, तो रात्री नऊचा आकडा उचलतो. किती साधी युक्ती, पण चोवीस तास मोजून काढलेल्या सरासरीच्या ती बरीच जवळ जाते.

ही असली नोंद ठेवायला मठातली माणसं योग्य होती हे सहज पटतं, कारण त्यांचा दिवसच घंटेवर चालायचा. प्रार्थना वेळेवर, जेवण वेळेवर, तसंच थर्मामीटरही वेळेवर. शिवाय लिहिता-वाचता येणारी, गणित जाणणारी माणसं, आणि एक आजारी पडला तर दुसरा आहेच. त्यांच्यातल्या आल्बिन श्वाइगर नावाच्या पाद्र्याने १७९१ मध्ये या टेकडीच्या हवामानावर एक पुस्तकच लिहिलं.

मानहाइमची संस्था मात्र फार जगली नाही. १७९० मध्ये हेमर गेला, मग फ्रान्सशी युद्ध आलं, मानहाइमवर तोफा चालल्या आणि १७९५ च्या सुमारास सगळं बंद पडलं. जाळ्यातली बहुतेक ठिकाणं एकेक करून गप्प झाली. स्वित्झर्लंडमध्ये गोटहार्ड खिंडीत याहून उंचावर एक केंद्र याच सुमाराला सुरू झालं होतं, तेही थांबलं. होहनपायसनबेर्गवाले थांबले नाहीत. पगार देणारं कोणी नाही, आकडे मागणारं कोणी नाही, तरी चालूच. १८०३ मध्ये बव्हेरियाच्या सरकारने मठच खालसा केले, रोटनबूखचा मठ बरखास्त झाला, पण वही बंद झाली नाही, पुढे गावचे पाद्री आणि शाळामास्तर नोंदी घेत राहिले. मला वाटतं या मालिकेची खरी किंमत या काही दशकांत ठरली, कारण सरकार पाठीशी असताना कोणीही मोजेल, कोणी विचारत नसताना पहाटेच्या थंडीत खिडकी उघडणारा माणूस मिळणं अवघड. १८३८ मध्ये म्युनिकच्या वेधशाळेने हे केंद्र आपल्याकडे घेतलं, तिथे तेव्हा योहान फॉन लामोंट प्रमुख होते, मूळचे स्कॉटलंडचे. नंतर बव्हेरियाचं हवामान खातं, आणि पुढे जर्मनीचं.

आता लोक विचारतात, एका टेकडीवरचं तापमान मोजून काय मोठंसं कळणार? खरं म्हणजे टेकडी आहे म्हणूनच कळतं. शहरातली जुनी केंद्रं घ्या, सुरुवातीला गावाबाहेर असतात, मग शहर वाढतं, डांबर येतं, काँक्रीट येतं, भोवतीनं सगळं तापतं, मग थर्मामीटर हवामान सांगतोय की शहराची वाढ सांगतोय हे वेगळं काढणं अवघड होतं. इथे माथ्यावर दोनशे वर्षांपूर्वीही चर्च होतं, आजही आहे, भोवती कुरणं आणि जंगल. आजूबाजूच्या मुलखापेक्षा टेकडी साधारण ३०० मीटर वर निघालेली, त्यामुळे दरीत साचलेल्या हवेपेक्षा दूरवरून वाहत येणारी मोकळी हवा इथे जास्त मिळते.

पण मोजलं म्हणजे झालं असं नाही, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण हवामानबदलावर वाद घालणारी माणसं दोन्ही बाजूंनी हाच विसरतात. जुने आकडे जसेच्या तसे वापरता येत नाहीत. थर्मामीटरची जागा बदलते. इथे जवळजवळ १६० वर्षं तो पाद्र्यांच्या इमारतीच्या उत्तरेकडच्या भिंतीला होता, १९४० मध्ये थोडं पश्चिमेला बांधलेल्या नव्या वेधशाळेत गेला. मधल्या काळात वाचायच्या वेळाही बदलल्या. उत्तरेची भिंत सावलीत असते खरी, पण इतक्या उत्तरेच्या देशात उन्हाळ्यात सूर्य ईशान्येला उगवतो, म्हणजे सकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या भिंतीवरही पडू शकतं, आणि आल्प्सच्या परिसरातल्या अनेक जुन्या केंद्रांचे उन्हाळ्यातले आकडे या कारणाने थोडे चढे आलेत.

याहून नवल म्हणजे काच. थर्मामीटरच्या तळाचा फुगा काचेचा. नवी फुंकलेली काच थंड झाली तरी पुढे कित्येक वर्षं अगदी थोडी थोडी आकसत राहते. फुगा आकसला की आतला पारा नळीत वर ढकलला जातो, म्हणजे तापमान तेवढंच असलं तरी आकडा जास्त दिसतो. वितळत्या बर्फात बुडवलं तर शून्य दाखवायला हवं, पण जुना थर्मामीटर शून्याच्या वर दाखवतो. अठराव्या शतकातल्या यंत्रांत हा दोष होताच. या वेधशाळेत काम केलेले शास्त्रज्ञ पेटर विंकलर यांनी जुन्या वह्या, पत्रं, यंत्रांची वर्णनं खणून काढून १७८१ पासूनची अख्खी मालिका तपासली आणि २००९ मध्ये तिच्या दुरुस्त्या प्रसिद्ध केल्या. दुरुस्तीनंतर सुरुवातीची वर्षं आधी वाटत होती तितकी उबदार राहत नाहीत. दुरुस्ती म्हटलं की काही लोकांना लगेच आकड्यांत फिरवाफिरवी दिसते. पण काच आकसते हे माहीत असून तसाच आकडा वापरायचा, याला प्रामाणिकपणा कसं म्हणायचं?

आपल्याकडचं एक उदाहरण देतो म्हणजे नीट पटेल. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून नियमित नोंदी आहेत, हवामानाच्याही आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्याही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार हे उघड होतं, म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. पण एका दिवसात इथे बंद, तिथे चालू असं केलं नाही. साधारण दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं, दोन जागांत नेमका किती फरक पडतो ते काढलं आणि मगच कुलाब्याचं थांबवलं. म्हणून ती मालिका आज अखंड मानता येते. लांब पल्ल्याच्या नोंदींचं सगळं शास्त्र या असल्या सांभाळून टाकलेल्या पावलांवर उभं आहे.

बरं, मग एवढं करून मालिका सांगते काय? इथे वर्षाची सरासरी विसाव्या शतकात सहा-साडेसहा अंशांच्या आसपास असायची, जानेवारी शून्याच्या जरा खाली, जुलै पंधरा-सोळा. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला ११०० ते १२०० मिलिमीटर, तोही बाराही महिने वाटून, आपल्यासारखा चार महिन्यांत नाही. १८१६ चा उन्हाळा या वह्यांत अगदी थंड निघतो. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याच्या गंधकाचा पडदा वरच्या हवेत जगभर पसरला, युरोपात उन्हाळा असा आलाच नाही, दक्षिण जर्मनीत पिकं गेली आणि १८१७ पर्यंत दुष्काळ पडला. त्या वेळी इथल्या नोंद घेणाऱ्याला तांबोराचं नावही माहीत असायचं कारण नव्हतं, त्याने फक्त आकडा लिहिला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे आणखी एक थंड काळ येतो आणि तिथून पुढे रेघ वर चढते, १९८० नंतर तर झपाट्याने. त्या थंड काळापासून आजपर्यंतची वाढ दोन अंशांच्या घरात जाते. दोन अंश म्हणजे काय, असं वाटेल, पण १०० मीटरला अर्धा-पाऊण अंश हे गणित आठवा, म्हणजे टेकडी जणू तीन-चारशे मीटर खाली उतरली!

इथल्या हवेचा अजून एक प्रकार सांगितल्याशिवाय राहवत नाही, फ्योन नावाचा वारा. इटलीकडची दमट हवा आल्प्स चढते, चढताना गार होते, ढग होतात, पाऊस पडतो, आणि ढग होताना बाष्पातली उष्णता हवेतच सुटते म्हणून ती १०० मीटरला जेमतेम ०.६ अंशाने गार होते. पलीकडे उतरताना मात्र ती कोरडी असते, आणि कोरडी हवा उतरताना १०० मीटरला १ अंशाने तापते. हिशेबाला २००० मीटर धरा, चढताना १२ अंश गेले, उतरताना २० परत मिळाले, निव्वळ ८ अंशांचा फायदा. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर धो धो आणि पलीकडे वाईला कोरडं, त्याच कुळातली ही गोष्ट. फ्योनच्या दिवशी भर जानेवारीत इथे बर्फ पाझरायला लागतं आणि आल्प्स हाताच्या अंतरावर आल्यासारखे दिसतात. अनेकांचं डोकंही दुखतं, निदान इथली माणसं तसं ठामपणे सांगतात.

आणि या टेकडीच्या पोटात कोळसा आहे. साधारण अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी इथे दलदल होती, तिचा काळा चकचकीत कोळसा झाला, मग आल्प्स वर येताना हे सगळे थर दुमडून उभे राहिले. त्यातला कठीण खडक हिमनद्यांनाही पुरून उरला, म्हणून सपाट मुलखात ही एकटी टेकडी. १८३७ पासून सरकारी खाण चालू झाली, या भागातल्या कितीतरी घरांची चूल खाणीवर पेटायची, आणि १९७१ मध्ये पायसनबेर्गची खाण बंद झाली. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ एकाच टेकडीच्या पोटातून कोळसा निघत होता आणि माथ्यावर हवेचं तापमान लिहिलं जात होतं. उतारावरच्या पाऊलवाटेने गेलात तर जुन्या बोगद्यांची तोंडं लागतात, तिथे मी बराच वेळ उभा होतो.

आज वेधशाळेत तापमान हा कामाचा छोटासा भाग आहे. रडार आहे, टॉवरवर वेगवेगळ्या उंचीवरून हवा खेचून कार्बन डायऑक्साइड मोजतात, आणि १९६७ पासून ओझोन मोजायला फुगे सोडतात, आठवड्यातून दोन-तीनदा. फुग्याखाली थर्मोकोलच्या डब्यात एक बारकासा पंप असतो, तो बाहेरची हवा पोटॅशियम आयोडाइडच्या पाण्यातून बुडबुडत नेतो, ओझोन असेल तर त्या पाण्यात आयोडीन सुटतं आणि अगदी सूक्ष्म करंट वाहतो, तोच रेडिओने खाली येतो. फुगा साधारण ३० किलोमीटर वर जाऊन फुटतो. पुण्यातूनही आपलं हवामान खातं असे ओझोनचे फुगे सोडत आलंय, आणि त्याचं यंत्र खात्याने स्वतः घडवलेलं. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोन खाणारे वायू कमी झाले आणि अगदी वरच्या थरातला ओझोन हळूहळू सावरतोय, हे कळलं ते असल्याच लांबलचक नोंदींमुळे.

तुम्ही म्युनिकच्या बाजूला असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, शहरात सलग दोन दिवस धुकं असेल आणि वारा अजिबात नसेल, अशी सकाळ बघून जा. गाडीतलं तापमान खाली पायसनबेर्गला एकदा आणि वर पोचल्यावर एकदा बघून ठेवा. आम्ही चारच्या सुमाराला उतरायला लागलो, ऊन कलत होतं, तिसऱ्या वळणाला गाडी पुन्हा धुक्यात शिरली, आणि मुलगा मागच्या सीटवरून मोठ्याने आकडे वाचत होता, आठ, सहा, तीन, दोन.